मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर कोणती हंगामी फुलं टिकतील? (नळ पाचव्या दिवशी, बोअर खारं)

पूर्णाकाठची, अकोला
१६ फेब्रुवारी

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय.

आम्ही अकोल्याला भाड्याच्या घरात पहिल्या मजल्यावर राहतो. वरची गच्ची आमच्याकडेच आहे. पश्चिमेला कसलाही आडोसा नाही, त्यामुळे दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत सगळं ऊन अंगावर. एप्रिल-मेमध्ये अनवाणी पाय टेकवत नाही. नळ पाचव्या दिवशी येतो. घराला बोअर आहे, पण पाणी इतकं खारं की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. खारपाणपट्ट्यातल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी याच दिवसांत पिटूनियाची बारा आणि झेंडूची आठ रोपं विकत आणली. रंगपंचमीपर्यंत गच्ची पाहत राहावी अशी होती. पाडव्यापर्यंत पिटूनिया वाळला. झेंडूच्या पानांवर आधी बारीक जाळी आली, मग पानं तांबूस झाली आणि शेवटी नुसत्या काड्या उरल्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कुंडीला तांब्या-तांब्या पाणी घालत होते, तेही पिण्याच्या टाकीतलं. ते पाणी फुकट गेलं याचं मला फुलांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

सासूबाईंना रोज देवाला फूल लागतं. उन्हाळ्यात घरचं एकही नसतं म्हणून त्या खट्टू होतात. माझ्याकडे बारा इंची काळ्या ग्रो बॅग वीस आहेत, चार मातीच्या कुंड्या आहेत आणि माती काळी, शेतातली. या उन्हात, एवढ्याच पाण्यावर फुलतील अशी हंगामी फुलं आहेत का? असतील तर लावायची केव्हा आणि कशी? शोभेची निवडुंगं नकोत, फुलं हवीत.

---

माळवद, लातूर
१६ फेब्रुवारी

ताई, तुमचं वाचताना मला आमची २०१६ ची गच्ची डोळ्यांसमोर आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा नोकरीत होतो. शाळेतून येताना टँकरपुढच्या घागरींच्या रांगा बघायचो आणि घरी आल्यावर कुंड्यांना पाणी घालायला हात धजत नव्हता. आमच्या बेचाळीस कुंड्या होत्या. मार्चअखेरीस आम्ही दोघांनी ठरवलं की झाडांना चांगलं पाणी द्यायचं नाही. तांदूळ-भाजी धुतलेलं जे निघेल ते आळीपाळीने, म्हणजे एका कुंडीची पाळी सहा-सात दिवसांनी यायची.

मे संपेपर्यंत गुलाब, मोगरा, झेंडू, तेरडा सगळं गेलं. राहिलं ते सांगतो. फुटक्या घमेल्यातला चिनी गुलाब राहिला, आणि नुसता राहिला नाही, फुलत राहिला. कठड्याच्या भेगेत आपोआप उगवलेली सदाफुली राहिली. तिला मी जन्मात पाणी घातलं नव्हतं. गुलबक्षी वरून पूर्ण वाळली, पण मृगाचा पाऊस झाल्यावर आठवड्यात जमिनीतल्या गड्ड्यातून फुटली.

आणि याच गच्चीवर, भेगेतल्या सदाफुलीपासून चार हातांवर, कुंडीतली विकत आणलेली सदाफुली मेली होती. झाडाची जात एक, ऊन एक. या गोष्टीचा मी पुढे बरीच वर्षं विचार केला. कुंडीतलीला मी आधी रोज पेलाभर पाणी घालायचो. रोज पेलाभर घातलं की वरची दोन बोटं माती भिजते, मुळं तिथेच घुटमळतात, आणि पाणी तुटलं की सगळ्यात आधी वाळते ती हीच दोन बोटं. भेगेतली मात्र बी पडल्यापासून पाण्याच्या शोधात खाली खाली गेली होती. तुमचं तांब्या-तांब्या पाणी तिथेच गेलं, ताई. चूक तुमच्या मायेची नाही. पाणी तेवढंच ठेवा, फक्त एकदम द्या: पिशवीच्या तळातून थेंब येईपर्यंत, आणि मग वरची माती दोन पेरं खोल कोरडी झाल्याशिवाय पुन्हा नाही.

आता नावं सांगतो.

चिनी गुलाब, ज्याला बरेच जण ऑफिस टाइम म्हणतात. तुमच्या गच्चीचा राजा हाच. आपल्या घोळीच्या भाजीच्या कुळातला आहे, पानं तशीच मांसल. पाण्याची ओढ बसली की हा दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतो आणि हवेतून घ्यायचं ते रात्रीच्या गारव्यात घेतो, त्यामुळे वाफेवाटे पाणी फार कमी जातं. बी विकत घेऊ नका. कोणाकडून तरी बोटभर लांबीच्या वीस काड्या मागून आणा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि खोचा. तीन-चार आठवड्यांत फूल. कडक ऊन नसेल तर हा उमलत नाही, म्हणून याच्यावर हिरवी जाळी कधीही बांधू नका. फूल दुपारनंतर मिटतं, तेव्हा सासूबाईंना सकाळी नऊ-दहाला खुडायला सांगा.

एकदा सकाळी उमललेल्या चिनी गुलाबापाशी बसा आणि काडेपेटीच्या काडीने मधल्या पुंकेसरांना अगदी हलकं एका बाजूने शिवा. सगळे केसर त्या बाजूला झुकतात, डोळ्यांदेखत. फुलोरी माशी उतरली की हेच होतं, तिच्या पोटाला पराग माखतो. फूल गळून आठवडा-दीड आठवडा झाला की खाली मोहरीहून थोडी मोठी बोंडी दिसेल. नखाने शिवली की वरचं झाकण डबीसारखं निघून येतं आणि आत पोलादी रंगाचं चकचकीत बी, खसखशीहून बारीक. ते मातीत पुरायचं नाही, वर नुसतं भुरभुरायचं. त्याला रुजायला उजेड लागतो.

सदाफुली बरोबर उलटी, तिचं बी अंधारात रुजतं, वर मातीचा पातळ थर हवाच. पण बियांपासून फूल यायला तीन महिने घेते. त्यापेक्षा कोणाच्या सदाफुलीखाली आपोआप उगवलेली चार पानी रोपं संध्याकाळी अलगद काढून आणा. ही झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. माती ओली असून झाड माना टाकतं, लोकांना वाटतं तहानलंय, आणखी ओततात, आणि मूळ सडतं. दुपारी पानं मुडपली तर घाबरू नका, ते ऊन चुकवतंय. सकाळी सातला बघा. तेव्हाही पानं लुळी असली आणि माती कोरडी असली तरच पाणी.

झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, कोंबडा यांचं बी थेट पिशवीतच पेरा, उपटून दुसरीकडे लावू नका. कोंबडा म्हणजे आपल्या रानातल्या कुर्डूचाच नटवलेला भाऊ. ज्वारी-बाजरीच्या रानात कुर्डूला कोण पाणी घालतं? तरी तो गुडघ्याएवढा होतो. गोम्फ्रेना तर माझ्या फार आवडीचा. बटणासारखी गोल, कागदी, जांभळी फुलं. तोडून ठेवली तरी पुढचे कित्येक महिने रंग उडत नाही. बी लोकरीसारखं असतं, रात्रभर भिजवून पेरा.

आता पिशव्यांबद्दल, कारण तुमच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यांत मोठा आहे. काळी पिशवी, खाली तापलेला स्लॅब. यात मुळं अक्षरशः शिजतात, मग झाड कितीही काटक असो. पिशव्या भिंतीकडेला ओळीने न मांडता गच्चीच्या मधोमध घोळक्याने एकमेकींना चिकटवून ठेवा, खाली विटा द्या, आणि घोळक्याच्या पश्चिम बाजूला गोणपाट गुंडाळा. बाहेरून चुना मारला तरी चालतो. नुसती काळी माती भरू नका. ती वाळली की आकसते, कडेला फट पडते, आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. तुम्हाला वाटतं भिजली. निम्मा बारीक मुरूम मिसळा. वर तीन बोटं सोयाबीनचं भुसकट किंवा पाचट पसरा.

संक्रांतीची सुगडं टाकून दिली नसतील तर फार उत्तम. रंग न लावलेलं सुगड पिशवीच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर पणती झाकण म्हणून ठेवायची. कच्च्या मातीतून पाणी झिरपत राहतं, माती जेवढी कोरडी तेवढं जास्त ओढते. आमच्याकडे एका सुगडावर पिशवी मे महिन्यातही दोन दिवस काढते. फक्त त्यात बोअरचं खारं पाणी भरू नका, क्षाराने छिद्रं बुजतात आणि सुगड मुकं होतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. या सगळ्या झाडांना पहिले तीन-चार आठवडे ओल लागतेच. दुष्काळ सोसण्याची ताकद मूळ खाली गेल्यावर येते, त्याआधी नाही. म्हणून पेरणी आत्ता, होळीच्या आधी. एप्रिलमध्ये पेरून मेमध्ये काटकपणाची अपेक्षा ठेवू नका.

---

शिवार, पारनेर
१७ फेब्रुवारी

सरांनी एक फूल सोडलं आणि तेच तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त आहे. गलांडा. पुस्तकात गॅलार्डिया लिहितात, मार्केटला गलांडाच म्हणायचं.

आम्ही बारा वर्षं लावतोय, दहा-पंधरा गुंठे, हलकी मुरमाड जमीन, दुसरं काही नीट येत नाही असली. उन्हाळी लागण फेब्रुवारीत, तोडा एप्रिलपासून चालू. लग्नसराईत गुलटेकडीला माल जातो, हारात, तोरणात, गाडीच्या सजावटीत. लाल मधोमध आणि कडेला पिवळा असा एक प्रकार, दुसरा भरगच्च गोंड्यासारखा. तुम्ही भरगच्च घ्या, देवाला बरा दिसतो.

खाऱ्या पाण्याचं विचारलंय म्हणून सांगतो, हे मूळचं अमेरिकेतलं, तिकडे समुद्राच्या वाळूच्या टेकाडावरही उगवतं. खारा वारा, तापलेली वाळू, त्यातलं हे झाड. आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, तरी गलांडा कधी बसला नाही. तुमचं बोअर जास्तच खारं असेल तर दोन पाणी बोअरचं आणि तिसरं नळाचं, भरपूर, म्हणजे साठलेला क्षार खाली निघून जाईल.

थेट पेरायचं सरांचं म्हणणं झिनियाला बरोबर. गलांड्याचं आम्ही गादीवाफ्यावर रोप करतो, महिनाभराचं झालं की लावतो. पण रोप काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी तोडतो. रोपाची खोडं जरा कडक होतात, पानं थोडी जाड होतात. विकतचं रोप रोज फवारा मारून लुसलुशीत ठेवलेलं असतं, ते तुमच्या गच्चीवर गेलं की पहिल्याच दुपारी हबकतं. विकतचं आणायचंच झालं तर आठवडाभर सकाळच्या उन्हात ठेवून पाणी कमी करत न्या, मग लावा.

खत हात आखडून. शेणखत सुरुवातीला ओंजळभर, नंतर काही नाही. युरिया टाकला की झाड नुसतं माजतं, पाला वाढतो, पाणी जास्त पितं आणि फूल रुसतं. वाळलेली फुलं तोडत राहा. बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं.

झेंडू उन्हाळ्यात येतच नाही असं नाही, आमच्याकडे ड्रिपवर येतो. पण तुम्ही म्हणता ती जाळी म्हणजे लाल कोळी. कोरड्या हवेत, तापलेल्या भिंतीजवळ तो येणारच. कुंडीतल्या झेंडूचा नाद दसऱ्यापर्यंत सोडा.

---

टेकडीप्रेमी, पुणे
१७ फेब्रुवारी

कॉसमॉसबद्दल एक कळकळीची विनंती. कुंडीत जरूर लावा, दिसतो सुंदर, पण बी पिकायच्या आत फुलं काढून टाका आणि उरलेलं बी "निसर्गाला" म्हणून मोकळ्या रानात फेकू नका. हा मेक्सिकोतून आलेला आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी केशरी गालिचे दिसतात, लोक फोटो काढायला जातात, पण त्याखाली तिथलं मूळचं गवत आणि बारकी रानफुलं दबून जातात. आम्ही दर वर्षी फुलं यायच्या सुमाराला उपटायला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच उगवतो.

---

पूर्णाकाठची, अकोला
१८ फेब्रुवारी

काका, दादा, ताई, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मी सासूबाईंना वाचून दाखवलं. सुगडं माळ्यावर होती, सात निघाली. कॉसमॉस लावतच नाही, शेजारी मोकळा प्लॉट आहे. दोन शंका: आर-ओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी चालेल का? आणि भांड्यांचं?

---

माळवद, लातूर
१८ फेब्रुवारी

मूळ पाणी बोअरचं असेल तर आर-ओचं बाहेर पडलेलं पाणी बोअरहून खारं असतं, सगळा क्षार त्यातच येतो. झाडांना नको, फरशी पुसायला वापरा. भांड्यांचं पहिलं, साबणाचं पाणी नको. शेवटचं विसळलेलं चालतं. डाळ-तांदूळ धुतलेलं सगळ्यात चांगलं, पण त्याच दिवशी घाला, शिळं झालं की वास येतो.

पाणी सूर्य उगवायच्या आधी घालत जा. संध्याकाळी सातला स्लॅब अजून तापलेला असतो.

---

पूर्णाकाठची, अकोला
२६ मे

काल नवतपा लागला. पारा ४४ च्या वर आहे, म्हणून आज लिहायचंच ठरवलं होतं.

वीस पिशव्यांपैकी चौदा जिवंत आहेत. झिनियाच्या चार गेल्या, पण त्यात माझी चूक आहे: मार्चमध्ये आठ दिवस माहेरी गेले तेव्हा रोपं दोन-दोन पानांवर होती आणि कोणी पाणी घातलं नाही. काकांनी नेमकं तेच बजावलं होतं. सदाफुलीच्या दोन काळ्या मातीतच लावल्या होत्या, मुरूम कमी पडला म्हणून. त्या दोन्ही मुळाशी सडल्या. मुरूम घातलेल्या चारही छान आहेत, पांढऱ्या आणि राणी रंगाच्या.

गलांड्याच्या सहा पिशव्यांना दोन पाणी बोअरचं, एक नळाचं असंच चाललंय. खालच्या पानांच्या कडा थोड्या करपल्या, पण आज सकाळी अकरा फुलं निघाली. सुगडं भरायला नळाचं पाणी बाजूला काढून ठेवते. सगळी मिळून दोन दिवसांना एक कळशी लागते, गेल्या वर्षी रोज दोन लागायच्या. गोणपाट मात्र दोनदा वाऱ्याने उडालं, आता सुतळीने शिवून टाकलंय.

चिनी गुलाब मातीच्या चारही कुंड्यांतून बाहेर लोंबतोय. माझी मुलगी रोज साडेनऊला काडेपेटीची काडी घेऊन वर जाते आणि केसर कुठल्या बाजूला झुकले ते मला येऊन सांगते. एका कुंडीत घोळही उगवली होती, सासूबाईंनी ओळखली आणि पीठ पेरून भाजी केली.

शिवारदादा, एक विचारायचं होतं. गलांड्याचं घरचं बी धरायचंय. किती फुलं ठेवू आणि केव्हा काढू?

---

शिवार, पारनेर
२६ मे

अकरा फुलं म्हणजे चांगलं चाललंय ताई. सगळ्यात भरगच्च फुलाचं झाड निवडा, त्यावरची पाच-सहा फुलं दोरा बांधून ठेवा, बाकी तोडत राहा. पाकळ्या गळून बोंड करडं, काटेरी होऊ द्या. हातात चुरगळलं की बी सुटलं पाहिजे, नाहीतर अजून दोन दिवस थांबा. पण काढणी मात्र मृगाच्या आत उरका. बोंडात एकदा पाणी शिरलं की बी काळं पडतं, मग उगवत नाही. सावलीत चार दिवस वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको.